पवनचक्की गावाची, पाना गावकऱ्यांच्या हाती



लोकार्पणाच्या दिवशी यंत्राला हार घातला जातो, श्रीफळ वाढविले जाते, दात्याच्या नावाची कोनशिला बसते. पुढे एखादे बेअरिंग झिजते, दुरुस्तीला कोणी येत नाही आणि यंत्र जागच्या जागी गंजत राहते. सार्वजनिक दानाची ही परिचित शोकांतिका आहे. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, अशी त्याची गत होते. पवनचक्कीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. कारण तिचे फिरते भाग सदैव उंचावर, ऊनपावसात असतात.

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवरील अजस्र पवनचक्क्या प्रशिक्षित तंत्रज्ञ सांभाळतात. एखाद्या वस्तीच्या वा शाळेच्या एक-दोन किलोवॅटच्या चक्कीसाठी मात्र असा तंत्रज्ञ दुरून येणे परवडत नाही. ती स्थानिक स्वयंसेवकांनीच सांभाळावी लागते. डेन्मार्कमधील ट्विंड येथे शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी १९७५ मध्ये हाती घेतलेली ५४ मीटर व्यासाची पवनचक्की १९७८ मध्ये फिरू लागली आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ वीज देत राहिली. स्कॉटलंडच्या दुर्गम स्कोरेग द्वीपकल्पावर ह्यू पिगट यांनी १९७० च्या दशकापासून भंगारातील सुट्या भागांतून लहान चक्क्या घडविल्या आणि त्यांची कृती पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली.

पिगट यांच्या पद्धतीच्या चक्कीची रचनाच दुरुस्ती डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. लाकडी पाती सुताराच्या हत्यारांनी तासता येतात, तांब्याच्या तारेची वेटोळी हाताने गुंडाळता येतात. खांब बुंध्याशी बिजागरीवर बसविलेला आणि ताणतारांनी बांधलेला असल्याने तो जमिनीवर आडवा उतरविता येतो. दुरुस्तीसाठी कोणाला जीव धोक्यात घालून वर चढावे लागत नाही.

जोखीम मात्र असतेच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. म्हणून सोसाट्याच्या वाऱ्यात शेपूट दुमडून चक्की वाऱ्यापासून तोंड फिरविते. शेपटीची बिजागरी गंजून अडकली, तर चक्की बेफाम फिरून पाती तुटू शकतात. बॅटरीशी असलेली जोडणी फिरत्या अवस्थेत तोडली, तरी तोच धोका. त्यामुळे वारा मंद असताना जनित्राच्या तिन्ही तारा एकत्र जोडून चक्की थांबवावी, मगच खांब उतरवावा, हा शिरस्ता प्रत्येक स्वयंसेवकाने पाळावयाचा असतो. येथे उत्साहापेक्षा शिस्त मोलाची.

शिरूर-दौंडच्या पठारी भागात पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जोरकस असतो, तर हिवाळ्यात तो मंदावतो. साहजिकच खांब उतरवून पाती रंगविणे आणि बेअरिंग तपासणे ही कामे हिवाळ्यात, ताणतारा व बोल्ट आवळण्याचे काम मृगापूर्वी, आणि बॅटरीतील पाण्याची पाहणी दरमहा, असे वेळापत्रक येथे शोभते. दौंड तर रेल्वेचे जंक्शन; गाडी बिघडेपर्यंत थांबावयाचे नसते, ठरल्या वेळी तपासावयाची असते, हे तत्त्व त्या गावाला नवे नाही.

असे हात घडतात कोठे? याच शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील अनुभव गाठीशी असलेला हा शास्त्रज्ञ खेड्यात राहावयास आला. प्रत्यक्ष काम करता करता शिकणे, हे त्यांचे सूत्र. शाळेत न रमलेली मुलेही तेथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती शिकली आणि शिकत असतानाच गावाला सेवा देऊ लागली. २००३ मध्ये डॉ. कलबाग निवर्तले, तरी आश्रमाचे काम थांबले नाही. पवनचक्की सांभाळणारा स्वयंसेवक अशाच शिक्षणातून उभा राहू शकतो.

दानशूरांच्या या सभेपुढे म्हणूनच एक विनंती. यंत्रासाठी निधी देताना त्याच निधीतून पान्यांचा संच, सुटे भाग, दोन तरुणांचे प्रशिक्षण आणि एक नोंदवही यांचीही तरतूद व्हावी. कोनशिलेवर दात्याचे नाव एकदाच कोरले जाते. नोंदवहीत मात्र दुरुस्ती करणाऱ्याचे नाव दरमहा लिहिले जाते. ज्या गावात ती वही कोरी राहत नाही, तेथेच पाती फिरत राहतात.