कोतवाल गल्लोगल्ली फिरायचा



अमरावतीतल्या या परिषदेत गावोगावचे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सेवा केंद्र चालवणारी मुलंमुली, आपणा सर्वांचं स्वागत समितीच्या वतीने मनापासून स्वागत. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याची मंडळी पहाटे घाट उतरून आली. त्यांना वेगळा नमस्कार.

वरूडकडे माझी संत्र्याची बाग आहे. लहानपणी ग्रामसभेची खबर कोतवालाच्या दवंडीनं कळायची. तो चौकात वाजवून परत जात नसे. गल्लोगल्ली फिरायचा, कुणी विचारलं तर थांबून समजावायचा. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीलाही सभेचा दिवस ठाऊक असे. आता सूचना मोबाइलवर येते आणि कित्येक घरांत मोबाइल एकच, तोही घरधन्याच्या खिशात. बाईमाणसाला सभा उरकल्यावर कळतं.

तरीही मी या बदलाच्या बाजूचा आहे. पूर्वी गाव नमुना बारामध्ये पीक तलाठी लिहायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि बांधावर उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून आपलं पीक आपणच नोंदवू लागलो. माझ्या शेतात काय उभं आहे हे सरकारला मी सांगतो, हा मान मला फार मोठा वाटतो. पहिल्या वर्षी फोटो बागेत काढायचा आणि रेंजसाठी टेकाडावर चढायचं, असं चाललं. शेजारची बारावीतली मुलगी मदतीला दोन दिवस माझ्याबरोबर उन्हात फिरली. अशा मुलामुलींना ग्रामपंचायतीनं मानधन द्यावं, ही माझी परिषदेला पहिली विनंती.

दुसरी मेळघाटासाठी. तिथलं हरिसाल 2016 साली डिजिटल गाव म्हणून गाजलं. पण तिथल्या घराघरांत बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातली भाषा; मराठीहून अगदी वेगळी. बाळाच्या लसीचा निरोप तिथल्या आईला मराठी अक्षरांत धाडून कसं भागेल? तो कोरकूत, माणसाच्या आवाजात जाऊ द्या. बोलणाऱ्या बाया त्याच गावात आहेत.

तिसरी विनंती उत्तरांच्या मुदतीची. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना मुदत घातली, अपिलाची सोय दिली. नागरिकाच्या साध्या प्रश्नाला उत्तर किती दिवसांत द्यायचं, तेही प्रत्येक ग्रामपंचायतीनं फलकावर लिहावं.

आमच्या आग्रहावरून काही जुने कोतवालही आज आले आहेत. पहिल्या सत्रात आधी ते बोलतील.