हास्याचा ध्वनी आणि श्रोत्याचे मन



हास्यरसाची चर्चा बहुधा विनोदाच्या अर्थापाशीच थांबते. आज मला हसण्याच्या ध्वनीविषयी बोलावयाचे आहे. बीदर-कलबुर्गीकडे मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारे शेजारी एका कट्ट्यावर बसतात. एखाद्याला मूळ गंमत उमगलेली नसते. तरीही इतरांचे हसणे ऐकून त्याचा चेहरा खुलतो. अर्थाआधी ध्वनी मनापर्यंत पोहोचतो.

भरतमुनींनी हे जाणले होते. नाट्यशास्त्रात त्यांनी स्वतः हसणे ते आत्मस्थ आणि दुसऱ्यास हसविणे ते परस्थ, असे हास्याचे दोन भेद केले. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे सहा प्रकारही सांगितले. त्यांत विहसिताचा स्वर मधुर, तर अतिहसिताचा उद्धत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या अभ्यासात, माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक चारचौघांत हसतो, असे आढळले.

मात्र हाच ध्वनी जोडतो तसा तोडतोही. ‘कोणाबरोबर हसणे’ आणि ‘कोणाला हसणे’ यांतील अंतर मराठीने एका प्रत्ययात साठविले आहे; ‘हसे होणे’ या शब्दांत तर सारी अप्रतिष्ठा आली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण कर्नाटकात आलो. येथील मुले शिक्षणासाठी मोठ्या शहरांत जातात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातील कानडी हेल ऐकून कोणी दबक्या आवाजात हसते. तेवढ्यानेही एखादा बुद्धिमान विद्यार्थी वर्गात बोलणे सोडतो.

याच्या उलट उदाहरण प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग १९७९ साली रंगभूमीवर आला. एकट्याने ५२ व्यक्तिरेखा रंगविताना त्यांनी मराठवाडी बोली ताठ मानेने मंचावर आणली. प्रेक्षागृह हसे, पण त्या हसण्यात हेटाळणी नसे, जिव्हाळा असे. आपल्या बोलीवर असे हसू उमटलेले ऐकणाऱ्याची भीड चेपते.

म्हणून एक विनंती करतो. ‘शांतता पाळा’ ही वाचनालयातील पाटी योग्यच आहे. परंतु महिन्यातून एका सायंकाळी येथे प्रकट वाचन व्हावे. सीमाभागातील बोलीतील कथा-किस्से मुलांनी मोठ्याने वाचावेत आणि थोरांनी त्यांच्याबरोबर मनमोकळे हसावे. शंभर वर्षे जपलेल्या या ग्रंथांना तो ध्वनी परका वाटणार नाही.