सहा रात्री, सात दिवस
(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'परदेशातील माझे अनुभव'. पण काल देव्हाडीला गाडीतून उतरल्यापासून जो भेटतो तो एकच म्हणतो, "मज्जा आहे लेका तुझी, रोज समुद्र!" म्हणून आधी हिशेब देऊन टाकतो. या वर्षी मी समुद्रावर चार वेळा गेलो. त्यातले दोन वेळा नागपूरचे पाहुणे आले होते म्हणून.

मॉरिशस मी पहिल्यांदा पाहिलं २००६ मध्ये. तेव्हा मी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत होतो. लग्नाला पाच वर्षं झाली होती, बोनस साठवला होता, आणि एका सहल कंपनीच्या जाहिरातीत 'सहा रात्री, सात दिवस' असं लिहिलेलं होतं. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे आमच्यासारख्यांना फार मोठं आकर्षण होतं. मुंबईहून सहा-सात तासांत उतरलो. तळाला काच असलेल्या नावेतून पोवळी पाहिली, शामारेलची रंगीत माती पाहिली, गंगा तलावावर महादेवाला हात जोडले. सातव्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उसाचे तुरे हलत होते, आणि मी बायकोला म्हणालो, "इथंच राहावं बुवा कायमचं." सहलीला गेलेला प्रत्येक नवरा परतीच्या वाटेवर हे म्हणत असावा. माझं दुर्दैव म्हणा की सुदैव, माझं खरं झालं. २०११ मध्ये तिथल्या एका कपड्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीची नोकरी मिळाली आणि आम्ही तीन वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो.

घर मिळालं क्युरपिपला. सहलीवाले या गावाजवळून जातात, तिथला ज्वालामुखीचा खड्डा बघतात, फोटो काढतात आणि पुन्हा किनाऱ्यावर उतरतात. त्यांना कोणी सांगत नाही की साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या गावात पाऊस मनात येईल तेव्हा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला हिवाळा. कपाटातल्या बुटांना बुरशी, धुतलेले कपडे तीन-तीन दिवस ओले. तुमसरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला पहिल्या वर्षी स्वेटर घालून 'हाच का तो मॉरिशस?' असा प्रश्न पडायचा. गुरुवारी दुपारनंतर गावातली दुकानं बंद. इतर दिवशीही संध्याकाळ झाली की शटर खाली. रात्री नऊला पानठेल्यावर उभं राहायची सवय असलेल्यानं तिथं करायचं काय?

आमच्या शेजारचा माणूस किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात वाढपी. ओळख झाल्यावर एकदा त्याला म्हटलं, "तू भाग्यवान, रोज समुद्रासमोर असतोस." तो म्हणाला, "समुद्राकडे माझी पाठ असते, तोंड गिऱ्हाइकाकडे." मग त्यानं हसत हसत भारतीय पाहुण्यांची नक्कल केली. रात्री साडेअकराला चहा मागणारे, जेवणाच्या टेबलावर घरचं लोणचं काढणारे. मीही हसलो. २००६ मध्ये लोणच्याची बरणी आमच्याही पिशवीत होती, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

आणि तिथली मराठी माणसं! पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला कंत्राटी मजुरांची पहिली तुकडी तिथं आली. छत्तीस माणसं होती. पुढं जवळजवळ पाच लाख लोक आले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती, बहुतेक कोकण आणि आसपासची. उसाच्या मळ्यात राबायला गेलेली. आज त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढ्या आहेत. पूर्वजाचं पहिलं नावच पुष्कळांचं आडनाव होऊन बसलंय. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात. तिथला पहिला गणेशोत्सव १८९६ चा, आँरिएता गावातला सांगतात. आता गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुटी असते.

पहिल्याच वर्षी एक सहकारी मला गणपतीला कास्कावेल गावी घेऊन गेला. त्याच्या आजीला कळलं की मी 'खरा' महाराष्ट्रातला. तिनं माझा हात धरून विचारलं, तुमचं गाव रत्नागिरीपासून किती लांब? काय सांगणार? मी तोवर कोकण पाहिलेलं नव्हतं, आणि खरं सांगतो, अजूनही पाहिलेलं नाही. झाडीपट्टीतला माणूस मी, दंडार पाहत वाढलेलो. पायात घुंगरू बांधून गोल फिरत नाचायची ती कोकणातली जाखडी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती हिंदी महासागरातल्या एका बेटावर. तिथं तिला 'झाकरी' म्हणतात. म्हातारीला वाटलं, मी तिच्या घरून आलोय. तिचा हिरमोड करवला नाही. "जवळच आहे," म्हणालो.

२०१८ मध्ये आईला दोन महिने तिकडे नेलं होतं. बाबा आले नाहीत. त्यांनी आयुष्यभर राईस मिलमध्ये मुनीमगिरी केली. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी मिलकडे चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. आई आली. समुद्रावर नेलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "येवढं पानी, आन् एक बी बांधी नाई?" मला हसू आलं. पण तिचं बरोबर होतं. तिथं जिकडं पाहावं तिकडं ऊस. दोन वेळा भात खाणारा देश, आणि भात जवळपास सगळा बाहेरून येतो.

हे मला नीट समजलं २०२३ च्या जुलैमध्ये. भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. आपल्या बॅचच्या ग्रुपवर मिलवाले मित्र सरकारवर चिडून लिहीत होते, आणि इकडे आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार मला विचारत होता, "तुमचा देश तांदूळ देणार की नाही?" जणू मीच दाबून बसलोय! ऑगस्टअखेर भारतानं मॉरिशसला चौदा हजार टन तांदूळ द्यायला परवानगी दिली, तेव्हा तो माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागला. तुमसरच्या तांदळाच्या भावाची काळजी मी दोन्ही बाजूंनी केली, असा या सभागृहात तरी मी एकटाच असेन.

आता जरा अवघड भागाकडे येतो.

२०२० च्या मार्चमध्ये मॉरिशसनं सीमा बंद केल्या. हॉटेलं रिकामी पडली, किनारे ओस. शेजारच्या त्या वाढप्याची नोकरी अर्ध्या पगारावर आली. अशात २५ जुलैला 'वाकाशिओ' नावाचं जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळांत रुतलं, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल गळायला लागलं. सुमारे हजार टन. जाहिरातीत दाखवतात ते निळं पाणी डांबरासारखं झालं. माहेबूरच्या धक्क्यावर लोक आपणहून जमायला लागले. लांबलचक कापडी पिशव्या शिवायच्या, त्यात उसाचं पाचट भरायचं, रिकाम्या बाटल्या बांधायच्या आणि तो तरंगता बांध पाण्यात सोडून तेल अडवायचं. आमच्या कारखान्यातले आम्ही काही जण गेलो. कापड आणि शिवण हा आमचाच धंदा. दोन दिवस मी तिथं पाचट भरत होतो. माझ्या एका बाजूला त्या वाढप्याची बायको, दुसऱ्या बाजूला एक शाळकरी मुलगा. हात कोपरापर्यंत काळे. वास असा की डोकं भणभणायचं. तिथं मला कोणी 'सर' म्हटलं नाही आणि कुठून आलास म्हणून विचारलंही नाही. पाचटाचा भारा पुढं ढकलत एक म्हातारा फक्त ओरडला, लवकर भर! २००६ मध्ये ज्या पाण्याचे मी छत्तीस फोटो काढले होते, त्या पाण्यासाठी मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

त्यानंतर महिनाभरानं इथं बाबा गेले. विमानं बंद होती. मधूनच एखादं विशेष विमान सुटायचं, पण त्यासाठी नाव नोंदवून थांबावं लागे, आणि मरण थांबत नाही. तुमच्यातल्या चौघांनी त्यांना खांदा दिला. मी क्युरपिपच्या स्वयंपाकघरात मोबाईल पीठाच्या डब्याला टेकवून पाहत होतो. त्या चौघांची नावं मी इथं घेत नाही, त्यांना आवडणार नाही. ते समोर बसलेत.

पुढल्या वर्षी सीमा उघडल्या. जमलं तसं लगेच मी आलो. आईनं जेवायला वाढलं, आणि माझ्या लक्षात आलं की ताट वेगळं आहे. आपल्याकडे प्रत्येक घरात चार चांगली ताटं पाहुण्यांसाठी वर ठेवलेली असतात ना, त्यातलं. माझं लहानपणचं, काठाला पोचा आलेलं ताट खाली मांडणीतच होतं. पलंगावर नवी चादर. आणि पहिला घास घ्यायच्या आत आईचा प्रश्न, "किती दिवस आहेस?" मी म्हटलं, एकवीस. तिनं लगेच बोटांवर मोजलं, कोणत्या दिवशी पातोडी, कोणत्या दिवशी मामाकडे, गायमुखला कधी जायचं. सहल कंपनीनं आखावा तसा कार्यक्रम. तिचा यात दोष नाही. परतीचं तिकीट काढून येणाऱ्याला आणखी काय म्हणायचं?

गंमत म्हणजे तिकडच्या कागदांतही 'कायम' हा शब्द तसाच आहे. कायम रहिवासाचा परवाना मिळाला, घरी पेढे केले, मग नीट वाचलं तर मुदत वीस वर्षांची. पासपोर्ट माझा अजून भारताचाच आहे. पण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक दोन वर्षं तिथं राहिला की त्याला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. मी नोंदवलं. गेल्या महिन्यात १० तारखेला तिथल्या निवडणुकीत मत दिलं. २० तारखेला इथं विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा मी तिथं होतो. त्या दिवशी ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी शाई लावलेल्या बोटांचे फोटो टाकले होते. मी अंगठा दाखवून गप्प बसलो.

तिथं पटलं नाही तर परत का येत नाहीस, असं कालच एकानं विचारलं. पटलं नाही असं मी म्हटलेलंच नाही. जानेवारीत 'बेलाल' चक्रीवादळ आलं, पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. आमचा एक सहकारी गाडी सोडून पोहत बाहेर पडला. त्या रात्री त्याच्या घरच्यांना आमच्याकडे आणलं. अंथरुणं घालताना मी एकदाही असा विचार केला नाही की हा देश माझा आहे की नाही. हे प्रश्न पडतात ते इथं आल्यावरच.

यंदा आणखी एक गोष्ट आहे. धाकट्या भावाला घर विकायचंय. आईला घेऊन त्याला नागपूरला जायचंय, आणि ते योग्यही आहे. तिचे गुडघे, दवाखाना, सगळं तिकडे सोयीचं. कागदावर माझी सही लागते. कागद चार दिवसांपासून टेबलावर पडलाय. मी त्यावर चहाचा कप ठेवतो.

आणि मुलगी. सोळा वर्षांची आहे. मराठी ती तिथल्या सरकारी शाळेत शिकली, त्या बेटावरच जन्मलेल्या बाईंकडून. आजीला ती देवनागरीत पत्रं लिहिते. परवा तिला एका गावच्या मंडईला नेलं होतं. तिनं दंडार पाहिली, पाळण्यात बसली, गरम शिंगाडे खाल्ले, बैलगाडीचे फोटो काढले. येताना मोटारसायकलवर मागून माझ्या कानाशी म्हणाली, "पापा, मी मोठी झाले की इथंच राहणार. कायमची."

मी काही बोललो नाही. समोर मँगनीजचा ट्रक होता, धूळ उडत होती, तेच कारण झालं.

वेळ संपत आलीय, संयोजक घड्याळ दाखवताहेत. आपले गणिताचे सर समोर बसलेत आणि अजूनही माझी चूक शोधत असावेत. सर, समुद्राचा हिशेब बरोबर आहे, चारच वेळा.

माझं विमान पुढच्या रविवारचं आहे. त्याआधी एकदा बाबांच्या मिलवरून पुढं बावनथडीकडे जायचंय. धान निघालं, आता बांध्यांत लाखोळी उभी असेल, ती मुलीला दाखवायचीय. परवाची मोटारसायकल भावाची होती, तो ती घेऊन आज नागपूरला गेला. कोणाची मोकळी असेल तर जेवणाच्या वेळी मला सांगा. पेट्रोल मी टाकतो.