‘काय होणार?’ आणि ‘का होणार?’



दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांतून गुणवंतांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि प्रत्येक छायाचित्राखाली एक ओळ असते. कुणाला डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करायची असते, कुणाला प्रशासकीय सेवेत जाऊन व्यवस्था सुधारायची असते, कुणाला संगणक अभियंता व्हायचे असते. या ओळी वर्षानुवर्षे त्याच आहेत. फक्त छायाचित्रे बदलतात. मुले खोटे बोलतात असे मुळीच नाही. पण ‘काय होणार?’ हा प्रश्न त्यांना पाचव्या वर्षापासून विचारलेला असतो आणि ‘का होणार?’ हा प्रश्न सहसा कुणीच विचारलेला नसतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असते, दुसऱ्याचे उसने असते.

आजच्या विषयाचा विचार करताना एका अशा विद्यार्थिनीचे स्मरण अगत्याचे आहे, जिला हा दुसरा प्रश्न भर सभेत विचारला गेला आणि जिने त्याला उत्तर दिले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात एक मराठी तरुणी भाषणाला उभी राहिली. वय अठराला काही आठवडे कमी. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे; कादंबरी, नाटक, चित्रपट यांनी ते घराघरांत पोहोचवले. परंतु त्या दिवशी त्या डॉक्टर नव्हत्या. वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी एकटीने अमेरिकेस जाण्याचा निश्चय केलेली ती एक विद्यार्थिनी होती आणि त्या निश्चयाबद्दल चहूकडून प्रश्नांचा भडिमार चालू होता. टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळरावांच्या घरी येऊन लोक विचारीत, रस्त्यात विचारीत. तेव्हा या सर्व प्रश्नांना एकदाच, जाहीरपणे आणि इंग्रजीतून उत्तर देण्याचे तिने ठरवले.

तिने प्रश्नही स्वतःच मांडले. ते सहा होते. अमेरिकेस का जायचे? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? एकटीनेच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत काय? परमुलखात काही संकट ओढवले तर काय करणार? आणि आजवर कुणा स्त्रीने जे केले नाही ते तिनेच का करावे?

यातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘येथे काहीच सोय नाही’ असे सोपे उत्तर तिने दिले नाही. मद्रासला एक महाविद्यालय आहे, इतर इलाख्यांत सुईणीच्या शिक्षणाचे वर्ग आहेत, हे तिने आधी मान्य केले. मग ते शिक्षण अपुरे का पडते आणि शिकवणाऱ्यांची दृष्टी कशी संकुचित आहे, हे सांगितले. म्हणजे नाकारण्यापूर्वी तिने चौकशी केली होती. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातही ‘सेवा’ हा मोघम शब्द नव्हता. परपुरुषाकडून तपासून घेण्याचा संकोच वाटून स्त्रिया उपचाराविना राहतात. परदेशी डॉक्टरीणबाई आहेत, पण भाषा आणि रीतिरिवाज निराळे असल्याने त्यांचा व्हावा तितका उपयोग होत नाही. म्हणून येथील स्त्रीने डॉक्टर व्हावे, अशी ती सरळ साखळी होती. गरज कोणाची, आजवर ती का भागली नाही आणि ती भागवायला आपण का योग्य, हे तिन्ही तीत होते.

एकटीने का, याचे उत्तर तर आजच्या प्रत्येक मध्यमवर्गीय घराला ओळखीचे वाटेल. दोघांना जाण्याइतका पैसा नाही, आणि पतीवर वृद्ध आईवडील व धाकटी भावंडे यांची जबाबदारी आहे, हे तिने सभेत संकोच न करता सांगितले. बहिष्काराच्या प्रश्नावर मात्र तिचा स्वर कणखर झाला. वेश, आहार, आचार यांत बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून राहण्यासाठी परत येईन. बहिष्कारच घालायचा तर तो आताच का घालीत नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. या वाक्यामागे इतिहास होता. १८७८च्या सुमारास गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले होते आणि उत्तरात धर्मांतराची अपेक्षा आली होती. ती अट दोघांनी स्वीकारली नाही. तोच पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला, न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो वाचला आणि त्यांनी कोणतीही अट न घालता आपले घर तिच्यासाठी उघडले.

येथे पालकांनी थोडे थांबून विचार करावा. शिक्षणाचा हट्ट मुळात आनंदीबाईंचा नव्हता, गोपाळरावांचा होता, आणि तो किती कठोर होता हे सर्वश्रुत आहे. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. आजही बहुतेक घरांत ‘हिने डॉक्टर व्हावे’ ही इच्छा आधी आई-वडिलांची असते, आणि त्यात पाप काही नाही. परंतु चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावल्यावर त्या मुलीच्या मनात वैद्यकाविषयी जो विचार रुजला, तो कुणी तिला शिकवलेला नव्हता. सेरामपूरला ती बोलली तेव्हा दुसऱ्याची इच्छा तिचे स्वतःचे कारण झालेली होती. घरच्या इच्छेचे असे रूपांतर झाले आहे की नाही, हे पाहण्याचा मार्ग एकच: मुलाला बोलते करणे, आणि बोलत असताना मध्येच त्याचे वाक्य पूर्ण करून न देणे. हे दुसरे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड!

आता आजकडे वळू. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून काही अधिक, आणि त्यांतील सुमारे निम्म्याच शासकीय महाविद्यालयांत. लातूरसारख्या नगराने चार दशकांत परिश्रमाची एक पद्धतच घडवली. तिचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण जागांचे गणित परिश्रमाने बदलत नाही. वीसांतील एकोणीस मुलांना दुसरी वाट धरावी लागणार हे आधीच ठरलेले आहे, आणि या एकोणीस जणांजवळ बहुधा ‘डॉक्टर’ एवढा एकच शब्द असतो. ज्याच्याजवळ कारण आहे त्याचे तसे होत नाही. आजाऱ्याच्या उपयोगी पडायचे असेल तर परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान ही सारी त्याच घराची दालने आहेत. सजीवांविषयी कुतूहल असेल तर पुण्यात २००६पासून आयसर ही विज्ञानशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. कारण जर केवळ ‘नावापुढे डॉक्टर लागावे’ एवढेच असेल, तर पहिल्या अपयशानंतर पुन्हा एक वर्ष आणि पुन्हा एक वर्ष, असा तो प्रवास होतो.

स्पर्धा परीक्षांचेही तेच. २०२३च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि निवड झाली १०१६ जणांची. पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांतील अभ्यासिकांत खेड्यापाड्यांतून आलेली, एका वेळचा डबा दोन वेळा पुरवणारी मुले वर्षानुवर्षे बसलेली आढळतात. त्यांच्या जिद्दीला नमस्कारच केला पाहिजे. मात्र त्यांना कुणी तरी आपुलकीने विचारायला हवे की बाबा रे, तुला अधिकारी व्हायचे आहे की पाण्याचा, शेतीचा, शाळांचा प्रश्न सोडवायचा आहे? दुसरे असेल तर त्याला इतरही रस्ते आहेत. पहिले असेल, घराला स्थिर पगार हवा असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि किती वर्षे द्यायची ते आजच ठरवावे. पगार हवा असणे यात कमीपणा कसला? कर्जात बुडालेल्या बापाचा भार हलका करावा ही इच्छा पाठ केलेल्या समाजसेवेपेक्षा शतपटीने प्रामाणिक आहे.

कारण ठाऊक असले तरी माहिती हवी, ही दुसरी बाजू. ‘सैन्यात जायचे’ असे छाती पुढे काढून सांगणारा मुलगा भेटला की अभिमान वाटतो. पण राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते आणि नौदल व वायुदलासाठी भौतिक, रसायन व गणित लागते, हे त्याला दहावीतच कळायला हवे. शाखा कोणतीही असो, लेखी परीक्षेत गणिताची तीनशे गुणांची उत्तरपत्रिका सर्वांनाच आहे. वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. अकरावीत गणित सोडून दिलेल्या मुलाला हे सारे बारावीनंतर समजते, आणि त्या वेळी हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले आणि मे २०२५मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. किती शाळांनी आपल्या विद्यार्थिनींना हे सांगितले? लेखी परीक्षेचे नऊशे गुण आणि निवड मंडळाच्या कसोटीचे नऊशे; या कसोटीतील मुलाखतीत अधिकारी ‘का?’ विचारतात आणि उत्तर पाठ केलेले आहे की स्वतःचे, हे त्यांना चटकन उमगते.

मुलींचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. राज्य शासनाने २०२४-२५पासून, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत दिली आहे. ‘मुलीवर एवढा खर्च कशाला?’ या वाक्याचा निम्मा जोर त्यामुळे जायला हवा. उरलेला निम्मा जोर पैशाचा नव्हताच.

विद्यार्थ्याने उत्तर द्यावे हे जसे खरे, तसे त्यालाही ‘का?’ विचारण्याचा अधिकार आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अग्रस्थान मिळवलेल्या कमला भागवत यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. केवळ स्त्री असल्यामुळे अर्ज फेटाळला गेला. त्या थेट बंगळुरूस गेल्या आणि नकाराचे कारण विचारीत ठाण मांडून बसल्या. कारण सांगता येण्याजोगे नव्हतेच. अखेर प्रवेश मिळाला तो अपमानास्पद अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, आणि मार्गदर्शक सांगतील त्या वेळी काम. त्यांनी त्या मान्य केल्या, वर्षभरात आपले काम सिद्ध केले आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. याच कमलाबाई सोहोनी १९३९मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला.

आनंदीबाईंचे पुढे काय झाले ते सर्वांना ज्ञात आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या, प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी निश्चित झाली. क्षयाने जर्जर होऊन त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्या कामासाठी गेल्या ते काम करायला त्यांना मिळाले नाही. तरीही सेरामपूरच्या सभेत त्यांनी दिलेले एकही उत्तर त्यामुळे चुकीचे ठरत नाही.

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जात दहा महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरता येतात आणि बहुतेक घरांत ते गेल्या वर्षीची गुणमर्यादा समोर ठेवून एका संध्याकाळी भरले जातात. शाळांना एक विनंती करावीशी वाटते. दहावीच्या पहिल्या सत्रात एक दिवस राखून ठेवावा. प्रत्येक मुलाने पाच मिनिटे उभे राहून आपण कोणती वाट धरणार आणि का, हे सांगावे. समोर त्याचे आई-वडील असावेत, आणि गावातील एखादा कारागीर, एखादी परिचारिका, एखादा शेतकरी असावा. त्यांनी दोन-दोन प्रश्न विचारावेत. गुण देऊ नयेत, बक्षीस ठेवू नये, ध्वनिक्षेपकही नको. ज्याला उत्तर सुचले नाही त्याने खुशाल ‘अजून ठरले नाही’ असे म्हणावे आणि दुसऱ्या सत्रात पुन्हा उभे राहावे.