धान्याबरोबर कानही द्या



ऑगस्ट २००६ मध्ये पैठणात गोदावरीचा पूर शिरला. पाणी ओसरल्यावर एक आजी भिजलेले पासबुक घेऊन बँकेत आल्या आणि घराचे सांगू लागल्या. रांग मोठी होती. "आजी, रडू नका, पुढे व्हा," असे आम्ही म्हणालो. नवे पासबुक दिले. ऐकून मात्र घेतले नाही. ती खंत आजही आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसली. पण मनाची पडझड घरे बांधून भरून निघत नाही. झोप उडणे, आवाजाने दचकणे, गप्प होणे हे वेड नव्हे. जवळ बसावे, बोलू द्यावे, खोदून विचारू नये. महिना उलटूनही त्रास राहिला, तर डॉक्टरांकडे न्यावे. जीव देण्याची भाषा निघाली, तर त्याच दिवशी. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पुत्रशोकाने व्याकूळ किसा गोतमीला तथागतांनी आधी उपदेश केला नाही. मोहरीसाठी दारोदार पाठविले. घरोघरी तिला सोबतीचे दुःख भेटले. विद्यार्थ्यांनो, पुढच्या आपत्तीत धान्याच्या पोत्याबरोबर आपले कानही घेऊन चला.

जयभीम!