मातीतले खेळ आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या लोकांचे खेळणे सुटले, अशी हाकाटी प्रत्येक संमेलनात ऐकू येते. आम्हांस ती अर्धीच खरी वाटते. आट्यापाट्या आणि विटीदांडू गल्लीतून गेले, हे कबूल. आट्यापाट्यांस नऊ-नऊ गडी आणि आखलेली लांबलचक मोकळी जमीन लागते. ती शहरात आणावयाची कोठून? परंतु हुतूतूचे काय झाले ते पाहावे. वडीलधाऱ्यांनी धांगडधिंगा म्हणून हिणवलेला हा खेळ कबड्डी या नावाने १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत पदकाचा झाला. २०१० साली ग्वांगझौ येथे स्त्रियांची कबड्डीही त्यात आली व सुवर्णपदक भारताने मिळविले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या खोखोच्या विश्वचषकात पुरुषांचे व महिलांचे, दोन्ही अजिंक्यपद आपलेच. आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे.

सर्वांत मोठा पालट मुलींच्या बाबतीत झाला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट्टदादा देवधरांनी ज्या मल्लखांबास नवजीवन दिले, त्याच्या दोरीवर आज मुली लीलया चढतात. आमच्या आज्यांच्या वाट्यास झिम्मा-फुगडी आली; ती मनसोक्त खेळावयाची तर मंगळागौरीची वाट पाहावयाची, म्हणजे आधी लग्न!

कुस्तीची कथा निराळी. ताक, तेल, हळद व लिंबू घालून मळलेली हौदाची माती अंगास लावणारे कमी झाले आणि गादी आली. हळहळ वाटते खरी. पण गादी व परदेशी नियम नवखे असताना १९४८ साली लंडनला सहावे आलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले, हेही स्मरावे.

मग उणे कोठे आहे? पदकासाठी नव्हे, केवळ हौसेने सायंकाळी चार घटका खेळणारा जो सामान्य गडी, तो दिसेनासा झाला आहे. २०१४ पासून प्रो कबड्डीचे सामने दूरचित्रवाणीवर घरोघर पाहिले जातात. पाहणाऱ्या घरातील मुलगा मात्र त्या वेळी शिकवणीस असतो, आणि शिकवणी नसली तरी त्यास जावयास अंगण नसते.

म्हणूनच उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढील सूचनेविषयी बोलणे आम्हांस भाग आहे. वसतिगृहामागील मोकळ्या जागेवर मंगल कार्यालय बांधून त्याचे भाडे शिष्यवृत्तिनिधीस लावावे, असा विचार आहे. निधीची ओढाताण आम्ही जाणतो. विरोधासाठी विरोध आम्हांस करावयाचा नाही. परंतु कबड्डीस १३ मीटर लांब व १० मीटर रुंद एवढेच क्रीडांगण पुरते, आणि मल्लखांबाचा एक खांब तर कोपऱ्यातही उभा राहतो. इमारत रस्त्याच्या बाजूस थोडी सरकवली, तर एवढी जागा मागे सुटते. आम्ही दोरी धरून मोजली आहे. सायंकाळी पाच ते सात ही वेळ मुलींसाठी राखावी, अशीही आमची विनंती आहे. नकाशा चिटणिसांपाशी ठेवला आहे. सभासदांनी मत देण्यापूर्वी तो अवश्य पाहावा.