सोन्याच्या शहरातला वकील आणि घरचा हिशेब

(पाली येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



राजगडाच्या पाली दरवाजाखाली बसून सोन्याविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, ही कथा या खोऱ्यात सर्वांनी लहानपणीच ऐकलेली आहे. पण येथल्या सामान्य माणसाच्या वाट्याला सोने आले नाही. त्याच्या वाट्याला आले ते मुंबईच्या गिरणीत जाणे. आणि घरच्या बायकांच्या वाट्याला मनिऑर्डरची वाट पाहत शेत सांभाळणे. म्हणूनच घरापासून दूर, सोन्याच्या शहरात राहिलेल्या एका तरुण वकिलाची हकिगत आज मला सांगावयाची आहे.

१८८६ साली ट्रान्सवालमध्ये सोन्याच्या खाणी सापडल्या आणि उघड्या माळावर जोहान्सबर्ग वसले. मोहनदास गांधी १८९३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पत्नी व दोन मुलगे मागे ठेवून दक्षिण आफ्रिकेत गेले ते एका वर्षाच्या कामासाठी, १०५ पौंडांच्या मोबदल्यावर. पुढे त्यांनी कुटुंब तिकडे नेले, परतही आणले. १९०२ च्या अखेरीस पुन्हा बोलावणे आले, तेव्हा कस्तुरबा आणि मुले मुंबईत सांताक्रूझला राहिली. १९०३ साली गांधींनी जोहान्सबर्गला कचेरी थाटली.

या शहराचे अर्थशास्त्र ध्यानात घेतले पाहिजे. तेथील खनिजात सोन्याचे प्रमाण अल्प आणि खाणी अतिशय खोल. म्हणजे खर्च अफाट. पण सुवर्णमानामुळे सोन्याचा भाव बांधलेला, तो वाढविता येत नव्हता. मग नफा राखण्याचा मार्ग एकच उरला : मजुरी दाबणे. बोअर युद्धानंतर घटविलेल्या मजुरीवर आफ्रिकी कामगार पुरेसे येईनात, तेव्हा १९०४ पासून साठ हजारांहून अधिक चिनी मजूर करारावर आणले गेले. खाणीवरच्या आवारात कामगार एकटा राही. त्याची मजुरी एकट्याच्या पोटापुरती. बायकामुलांचे पोट गावच्या जमिनीने भरायचे. म्हणजे दूरच्या खेड्यातली स्त्री आपल्या कष्टांनी खाणमालकाला अनुदानच देत होती! हा हिशेब पालीच्या माणसाला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०४ च्या मार्चमध्ये एका खाणीवर काम करणारे तेवीस हिंदी मजूर फुप्फुसाच्या प्लेगने आजारी होऊन हिंदी वस्तीत आले. गांधींनी आपल्या कचेरीतल्या चार कारकुनांसह त्यांची शुश्रूषा केली. बहुतेक सर्व रोगी दगावले. नंतर वस्ती रिकामी करून जाळण्यात आली. तत्पूर्वी लोकांनी जमिनीत पुरून ठेवलेली बचत उकरून गांधींच्या स्वाधीन केली. ती सुमारे साठ हजार पौंड भरली. ज्यांना शहराने घाणेरडे म्हणून हिणवले, त्यांनीच एकेक नाणे साठविले होते, आणि ते त्यांनी निर्धास्तपणे एका वकिलाच्या हाती दिले.

याच काळात या वकिलाने स्वतःचाही हिशेब मांडला. मुंबईत असताना त्यांनी दहा हजार रुपयांचा विमा उतरविला होता. जोहान्सबर्गला आल्यावर त्यांनी तो बंद पडू दिला. जगातल्या असंख्य गरिबांची कुटुंबे विम्याशिवाय जगतात, मग माझेच वेगळे का, असा त्यांचा विचार होता. थोरल्या भावाला त्यांनी कळविले की, आजवरची शिल्लक आपणांस दिली. यापुढची समाजाच्या कामी लागेल. भाऊ दुखावले. त्यागाच्या या कथा आपण आदराने सांगतो, आणि तो आदर योग्यच आहे. सोन्याच्या शहरात राहून सोन्याचा मोह सोडणे सोपे नव्हते.

पण एक प्रश्न उरतो. या निर्णयात कस्तुरबांचे मत किती विचारले गेले? पुढे १९११ साली शिक्षणाच्या प्रश्नावरून थोरला मुलगा हरिलाल घर सोडून गेला. तो दुरावा कधीच भरून निघाला नाही. यात गांधींना कमी लेखण्याचा हेतू नाही. स्वतःच्या चुका त्यांच्याइतक्या उघडपणे क्वचितच कोणी मांडल्या असतील.

मी हे सांगतो आहे ते आपल्यासाठी. चळवळीच्या कामाला महिनोन्महिने बाहेर राहणारा कार्यकर्ता आपला त्याग सांगतो. पण त्या काळात चूल कोणी पेटती ठेवली, म्हाताऱ्यांचे औषधपाणी कोणी पाहिले, याची नोंद कोठेच होत नाही. खाणमालकाने खेड्यातल्या स्त्रीचे श्रम फुकट धरले. समाजवाद सांगणाऱ्यांनीही तेच करावे काय? हेतू थोर असला म्हणजे फुकट घेतलेले श्रम फुकटचे राहत नाहीत, असे नव्हे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. पूर्णवेळ कार्यकर्ता नेमताना त्याच्या घरी जाऊन बसा, घरच्या बाईशी बोला, आणि तिचा होकार, तिची गरज संघटनेच्या वहीत लिहा. मानधन ठरविताना ती वही उघडा. त्याग करणाऱ्याला तो करू द्यावा; मात्र दुसऱ्याच्या वतीने त्याग करण्याचा अधिकार कोणालाही नाही. एवढे पाळता आले, तर या गडाखालून घर सोडून जाणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलण्याचा अधिकार आपल्याला उरेल.